रेडिओची पाठवणी

३ फेब्रुवारी

फुटला.

रेडिओ घेणाऱ्या परदेशातल्या शिक्षिकाबाईंनी फोटो पाठवलाय. सकाळी चहा घेता घेता उघडला, आणि चहा तसाच राहिला. डाव्या कोपऱ्यापासून खाली डायलपर्यंत सरळ तडा. एक बटण गायब. व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, सुटे करून टाकलेत, त्यातले दोन फुटलेत.

आणि खोका माझा नाहीच! मी दोन खोके वापरले होते, एकात एक. मधे फोम कापून बसवला होता. प्रत्येक व्हॉल्व्ह वेगळा गुंडाळून त्याच्यावर नंबर घातला होता, म्हणजे बाईंना कुठला कुठे बसवायचा ते कळावं. फोटोत एकच खोका आहे, बुटांचा असतो तसा पातळ, आणि त्यात चुरगळलेले कागद. कुणी तरी माझं सगळं सोडलं, काढलं आणि तो रेडिओ त्या कागदांत कोंबला.

बाईंनी लिहिलंय, तुमचा दोष नाही हे मला माहीत आहे. त्यांच्या वडिलांकडे अगदी असाच होता म्हणे. उलट मलाच धीर देतात!

जेवण गेलं नाही.

४ फेब्रुवारी

डोकं ठिकाणावर यावं म्हणून नीट लिहून काढतो.

निवृत्त झाल्यापासून मागच्या खोलीत बसून मी जुने व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करतो. भंगारातून आणायचे, जिवंत करायचे, लिलावाच्या साइटवर विकायचे. घेणारे बहुतेक परदेशातले. पूर्वी मी थेट पाठवायचो. पोस्टातल्या बाईंशी ओळख झाली होती, त्या ‘नाजूक’चा शिक्का चारही बाजूंनी मारायच्या. रेडिओ पोचायचा. तिकडून फोटो यायचा, टेबलावर ठेवलेला, दिवा लागलेला.

मग साइटने ‘जागतिक सुखरूप पाठवणी’ काढली. सुखरूप! मला विचारलं नाही, सांगितलं नाही, आपोआप गळ्यात मारली. आता रेडिओ घेणाऱ्याकडे जात नाही. आधी त्यांच्या केंद्रावर जातो. ते केंद्र नेमकं चिरंजीव राहतो त्या देशात. तिथे तो उघडतात, तपासतात, त्यांच्या पद्धतीने पुन्हा बांधतात आणि पुढे धाडतात. या सेवेबद्दल घेणाऱ्याकडून वर पैसे घेतात. म्हणजे फोडायची मजुरी.

फुटला तो क्रीम रंगाचा सेट होता. बेकलाइटचा, म्हणजे जुन्या काळच्या कडक प्लॅस्टिकचा. त्या रंगाचं बेकलाइट आता कुठे मिळत नाही. कॅबिनेटवरचे डाग घालवायला माझा अख्खा पावसाळा गेला होता. हात पिवळे झाले होते, ही ताटावर बसू देत नव्हती.

५ फेब्रुवारी

साइटच्या मदत खिडकीत लिहिलं. समोरून उत्तर, ‘आपली अडचण मी समजू शकते.’ चार वेळा तेच. बाई आहे की यंत्र, देव जाणे.

मला सांगितलं की काळजीचं कारण नाही, तुमचे पैसे सुरक्षित आहेत, ग्राहकाचेही परत केले आहेत. मी विचारलं, आणि रेडिओ? तर म्हणे, वस्तूची विल्हेवाट लावण्याची विनंती ग्राहकाला करण्यात आली आहे.

विल्हेवाट!

शेवटी विचारलं, आजच्या संभाषणाला किती तारे द्याल? किळस आली.

हिला सांगितलं. ही म्हणाली, पैसे मिळाले ना, मग झालं की. हिच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. हिला काही फरक पडला नाही.

६ फेब्रुवारी

बाईंना कळवलं — फेकू नका. त्यांचं उत्तर आलं. फेकलेला नाही, कपाटावर ठेवलाय, तडा भिंतीकडे करून.

९ फेब्रुवारी

रविवार. चिरंजीवाचा व्हिडिओ कॉल. फोन हिचाच असतो, मी मागून डोकावतो. आज मी हातातून घेतला आणि सगळी हकीकत सांगितली. फोटो दाखवला. म्हटलं, तू तिकडेच आहेस, वर तुझं कामही त्याच लायनीतलं. लॉजिस्टिक्समध्ये मॅनेजर म्हणजे दहा माणसं ओळखीची असणार. जा आणि त्या केंद्रातल्या लोकांना जरा दम दे. कसली माणसं ठेवलीत? हात आहेत की खुर?

तो म्हणाला की बाबा, तिथल्या लोकांच्या हातात काही नसतं.

मी म्हटलं, हातात असतं म्हणूनच फुटतं ना. मला ते फार चपखल वाटलं. तो हसला नाही. हिने फोन ओढून घेतला आणि त्याची पाठ कशी आहे ते विचारत बसली. खुर्चीत बसून काम करणाऱ्या पोरांच्या पाठी दुखतात हल्ली.

२२ फेब्रुवारी

या सुखरूप पाठवणीच्या योजनेतून बाहेर पडायची कळ सापडली. कुठे सापडावी? ‘माझं खातं’ मधे नाही, ‘पाठवणी’ मधे नाही. ‘आवडीनिवडी’ मधे! बंद केली. चहा प्यायलो, परत आलो, पुन्हा चालू. पुन्हा बंद केली. पुन्हा चालू. भूत बसल्यासारखी. शेवटी खाली बारीक अक्षरांत दिसलं — आपल्या सोयीसाठी ही निवड वेळोवेळी पूर्ववत केली जाते.

माझ्या सोयीसाठी!

शेजारचे वकील जिन्यात भेटले. त्यांना विचारलं, यावर काही करता येईल का. ते म्हणाले, तुम्ही ‘मान्य’ वर बोट दाबलंय, आता देवही काही करू शकत नाही. मग चिरंजीवाची चौकशी केली. मी सांगितलं, उत्तम चाललंय, हाताखाली बरीच माणसं आहेत.

२ मार्च

लाकडी छोटा सेट विकला गेला. घेणारा म्हणजे एक दाढी. फोटोत दाढीच दिसते, माणूस मागे कुठे तरी आहे. दाढीवाला जाणकार आहे. असले प्रश्न विचारले की मन प्रसन्न झालं. या सेटचं एक बटण मूळचं नव्हतं, मी दाराच्या जुन्या मुठीचं लाकूड कोरून केलं होतं. त्याला तेही प्रामाणिकपणे सांगितलं. तो म्हणाला, मग तर हवाच.

त्याला लिहिलं की पत्ता द्या, थेट पोस्टाने पाठवतो. संदेश गेलाच नाही. लाल चौकटीत ताकीद आली — व्यवहार साइटबाहेर नेण्याचा आपला प्रयत्न आमच्या लक्षात आला आहे.

चोरावर ठेवतात तशी नजर. माझ्याच रेडिओपायी, माझ्यावर.

शेवटी योजनेतूनच दिला. या वेळी खोक्याच्या आत मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला: ‘कृपया उघडल्यास असाच पुन्हा बांधावा.’ बाणाबिणांसकट चित्र काढलं. कुरियरवाला म्हणाला, काका, बॉम्ब आहे का आत?

१३ मार्च

केंद्रात पोचला.

२१ मार्च

‘तपासणीत.’

२९ मार्च

‘तपासणीत.’ काय तपासताहेत? कुंडली?

६ एप्रिल

निकाल लागला. निर्यातीस अपात्र. कारण: घातक वस्तू, काचेचे दिवे.

दिवे! व्हॉल्व्हना दिवे म्हणतात. काच दिसली, आत तार दिसली, झाला दिवा. मी फोटो पाठवले, माहिती पाठवली, त्यांच्याच साइटवर रोज हजारोंनी व्हॉल्व्ह विकले जातात ती पानं पाठवली. उत्तर आलं, आपली अडचण मी समजू शकतो. या वेळी बाप्या होता, एवढाच बदल.

म्हटलं, घातक तर घातक, मला परत पाठवा. खर्च मी देतो. तर म्हणे, परत पाठवणे योजनेत बसत नाही. वस्तूची विल्हेवाट लावण्यात आली आहे.

खोलीत जाऊन नुसता बसलो. ही आली, दारातून बघून गेली. मग दुसऱ्यांदा आली आणि चहा ठेवून गेली. अशा वेळी ही बोलत नाही हे बरं आहे.

१० एप्रिल

दाढीवाल्याने माझ्या पानावर शेरा मारलाय. ‘वस्तू मिळालीच नाही. विक्रेत्यापासून सावध राहा.’

इतकी वर्षं नोकरी केली, कधी कुणी असं बोललं नाही. मी त्याला समजावून लिहिलं. संदेश अडवला — त्यात ‘पोस्ट’ हा शब्द होता म्हणून.

२४ एप्रिल

आज जे झालं ते कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

साइट चाळत होतो, जुने रेडिओ. एक दिसला. ‘परतीचा माल. तपासलेला नाही. जसा आहे तसा.’ विकणारा कुणी तरी घाऊक व्यापारी, चिरंजीवाच्याच देशातला, ज्याच्याकडे चपलांपासून मिक्सरपर्यंत सगळं आहे. छोटा लाकडी सेट. फोटो मोठा केला. उजवीकडचं बटण माझं. दाराच्या मुठीचं! लाकडाची रेष तिरकी गेली होती आणि मी तेव्हा स्वतःवर चिडलो होतो. तीच तिरकी रेष.

विल्हेवाट म्हणजे ही. घातक म्हणून काढून घ्यायचा, आणि मागच्या दाराने पोत्याच्या भावात विकायचा. शी! तोंडाला चव राहिली नाही.

हिला बोलावून दाखवलं. ही चष्मा लावून बघत राहिली. मग म्हणाली, हो, आपल्या न्हाणीच्या दाराची मूठ आहे.

बोली लावली. माझ्याच रेडिओवर.

२७ एप्रिल

कुणी तरी माझ्या वर बोली लावतंय. कोण आहेस बाबा तू? सोड ना.

२८ एप्रिल

मिळाला. मुळात मी जेवढ्या किमतीला विकला होता त्याहून महाग. त्यावर पाठवणीचा आकार. त्यावर आयात शुल्क — माझ्या खोलीत जन्मलेल्या रेडिओवर! आणि येणार कसा? जागतिक सुखरूप पाठवणीने. त्याच केंद्रातून. जाताना जे घातक दिवे होते ते येताना घातक नाहीत.

ही म्हणाली, एवढ्यात नवीन आला असता. हिला समजावण्यात अर्थ नाही. मलाही नीट सांगता आलं नसतं.

१६ मे

आला.

सांधे उघडलेत. स्पीकरच्या कापडात भोक, बोट जाईल एवढं. व्हॉल्व्ह एका कागदाच्या पुरचुंडीत एकत्र, शेंगदाणे देतात तसे. एक नाहीच. माझा बाणांचा कागद मात्र आत आहे, घडी घालून तळाला, आधार म्हणून घातलेला.

आणि वर एक रंगीत चिठ्ठी. ‘तुमचा खोका कर्मचारी क्रमांक ४४७१ यांनी काळजीपूर्वक बांधला आहे.’ शेजारी हसरा चेहरा.

तो हसरा चेहरा बघून डोक्यात तिडीक गेली.

पण आता नंबर मिळाला. इतके दिवस भिंतीशी भांडत होतो, आता माणूस मिळाला.

१८ मे

तक्रार लिहिली. चार पानी. या घरात एवढं मन लावून मी बऱ्याच दिवसांत काही केलं नव्हतं. तारीखवार, मुद्देसूद, वर फोटो. पहिला रेडिओ, दुसरा रेडिओ, काढून घेतलेला फोम, आधाराला घातलेला माझा कागद. आणि ४४७१ हा आकडा लाल अक्षरांत, जाड. लिहिलं की असा माणूस कुठल्याही कामावर ठेवण्याच्या लायकीचा नाही. हे वाक्य तीनदा घासूनपुसून केलं.

साइटला पाठवली, केंद्राच्या कंपनीला पाठवली, दोन्हीकडच्या वरच्या साहेबांना पाठवली. हिला वाचून दाखवली. ही कणीक मळत होती. शेवटच्या वाक्याला हात थांबला तिचा. म्हणाली, एवढं कशाला, माणूसच आहे तो. मी म्हटलं, माणूस असता तर असं बांधलं नसतं.

२९ मे

उत्तर आलं! यंत्राचं नाही, खरं. खाली साहेबाची सही. ‘आपल्या तपशीलवार तक्रारीबद्दल आभारी आहोत. चौकशीअंती संबंधित कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करण्यात आले आहे.’

बास. शेवटी कुणी तरी ऐकलं.

खाली जाऊन आइस्क्रीम घेऊन आलो. जिन्यात वकिलांना सांगितलं, तेही म्हणाले, वा, हे छान झालं. हिच्यासमोर वाटी ठेवली आणि ते पत्र वाचून दाखवलं. हिने वाटीला हात लावला नाही. आइस्क्रीम वितळलं. मग उठली आणि वाटी तशीच मोरीत ठेवून आली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, बसा, तुम्हाला एक सांगायचंय.

उद्या लिहितो.

३० मे

चिरंजीव मॅनेजर नाही.

तो खोके बांधतो. गेली दोन वर्षं. अशाच एका केंद्रात. आधी जी ऑफिसातली नोकरी होती ती पहिल्याच वर्षी गेली, ती मला माहीतच नाही. उभ्याने काम असतं. समोर पट्ट्यावरून खोके येतात, उघडायचे, यादीशी ताडून बघायचे, ठरलेल्या मापाच्या खोक्यात घालायचे, पुढे. वर पाटी असते. मागे पडलं की नाव लाल होतं. पाठ त्यानेच गेलीय. खुर्चीने नाही.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

ही म्हणाली, “सांगणार कसा? तुम्ही जिन्यात उभं राहून त्या वकिलांना त्याच्या हाताखालची माणसं मोजून दाखवत होतात.”

मी म्हटलं, पण गेले चार महिने मी रोज बोलतोय, तू एका शब्दाने तरी —

“तुम्ही त्या हातांना शिव्या घालत होतात,” ही म्हणाली, “आणि मला दर वेळी त्याचेच हात दिसत होते.”

फोनमधे तिने एक फोटो जपून ठेवलाय, तो दाखवला. त्याचे हात. पुठ्ठ्याने चिरलेले, बोटांना खोके बांधायचीच चिकटपट्टी गुंडाळलेली. लहानपणी या हातांना सोल्डर धरायला मीच शिकवलं होतं. चांगला हात होता.

हिला एवढंच विचारलं, तो त्याच कंपनीत आहे का? तिला माहीत नव्हतं. कंपन्यांची नावं तिच्या लक्षात राहत नाहीत.

१ जून

दोन दिवस झाले, डोक्यात एकच आकडा.

३ जून

कंपनीला लिहिलं — तक्रार मागे घेतो. रागाच्या भरात लिहिली. त्या माणसाला परत घ्या. चूक योजनेची आहे, त्याची नाही.

उत्तर लगेच आलं. आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली निघाली असल्याने ती पुन्हा उघडता येत नाही. आपल्या अनुभवाला किती तारे द्याल?

साहेबाच्या पत्त्यावर लिहिलं. परत आलं. तो पत्ता फक्त उत्तरं धाडण्यासाठी आहे.

८ जून

रविवार. फोन वाजला तेव्हा हिने उचलला नाही. माझ्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला, म्हणजे ऐकू येऊ नये म्हणून.

त्याला कळलं होतं की मला कळलंय. दोघेही हवापाण्याबद्दल बोललो. मग मी विचारलं, कंपनी कुठली रे? त्याने नाव सांगितलं. तीच.

माझ्या तोंडून निघून गेलं — तुझा नंबर काय?

कशाला, म्हणाला. पण सांगितला. ४४७१ नव्हता.

केवढं हायसं वाटलं! अंगातला ताण उतरला, पाठ खुर्चीला टेकली. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी किळस आली की या चार महिन्यांत कुणाची आली नव्हती. माझा नाही ना, मग चालेल. कुणाच्या तरी घरी तोच आकडा असेलच की.

त्याला सगळं सांगितलं. चार पानं, लाल अक्षरं, आइस्क्रीम. काही गाळलं नाही. तो ऐकत होता. त्याच्या मागे कुणाची तरी पावलं, भांडी. चौघांत मिळून एक खोली आहे म्हणे, हेही आजच कळलं.

मी म्हणालो, “मला एकच सांग. माझा खोका तुझ्यासमोर आला असता, आत माझं अक्षर, माझे बाण. तू नीट बांधला असतास ना?”

तो विचार करून म्हणाला, “नाही, बाबा. अक्षर बघायला वेळच नसतो.”

मला वाटलं होतं खोटं बोलेल. बरं वाटावं म्हणून तरी. नाही बोलला.

मग त्याने विचारलं, तो लाकडी सेट वाजतो का. म्हटलं, नाही, एक व्हॉल्व्ह कमी आहे. कुठला, म्हणाला. सांगितला. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. हिने आत नळ बंद केला तेव्हा कळलं किती वेळ गेला ते.

९ जून

वकिलांना जिन्यात गाठून सांगितलं. चिरंजीव मॅनेजर नाही, खोके बांधतो. ते म्हणाले, हल्ली काय, काम ते काम. आणि जरा घाईने खाली उतरले.

१५ जून

साइटवरचे माझे सगळे रेडिओ उतरवले. ‘आपण आम्हाला सोडून का जात आहात?’ खाली पाच पर्याय. एकही खरा नाही. ‘इतर’ वर बोट ठेवलं आणि लिहायला जागाच नव्हती.

२६ जून

शिक्षिकाबाईंनी शोधून काढलं मला, रेडिओच्या मागे चिकटवलेल्या माझ्या चिठ्ठीवरचा पत्ता वाचून. साधं पत्र, पोस्टाने. विचारलंय, फुटलेले दोन व्हॉल्व्ह कुठले घालू? त्यांच्या गावात एक टीव्ही दुरुस्त करणारा म्हातारा आहे, तो बसवून देईन म्हणतो. तडा राहू दे, म्हणतात.

माझ्याकडचे दोन काढले. कापसात गुंडाळले. पोस्टातल्या बाई अजून तिथेच आहेत. चारही बाजूंनी शिक्का मारला.

१९ जुलै

चिरंजीवाचा फोन. आज रविवार नव्हता, आणि फोन माझ्यासाठी होता.

त्याला त्या पट्ट्यावरच्या टेबलांचा प्रमुख केलंय. आधीचा सोडून गेला. मी शाबास म्हणायच्या आत म्हणाला, बाबा, आता तक्रारी माझ्याकडे येतात. पहिली आजच आलीय. कुणाचा तरी जुना ग्रामोफोन, त्याच्या आईचा, तुटून गेला. पानंच्या पानं लिहिलीत, फोटो जोडलेत. टेबल एका बाईचं आहे. दोन मुलं आहेत तिला. तिला कमी केलं असं मी संध्याकाळपर्यंत वरच्या साहेबांना कळवायचं.

“काय करू, बाबा?”

ही दारात येऊन उभी होती. त्या माणसाची पानं मला न वाचता दिसत होती.

मी म्हणालो, “बाईला हात लावू नकोस. आणि त्या माणसाला लिही, ग्रामोफोन माझ्याकडे पाठव म्हणावं. मी करून देतो. थेट पाठव म्हणावं, पोस्टाने.”

“हे नियमात बसत नाही, बाबा.”

“माहीत आहे,” म्हणालो. “माझा पत्ता लिहून घे.”